ओल्या अंगावरचा सुती झगा
पोहून आलेल्या मुलासाठी घरी विणता येणारे उन्हाळी वस्त्र

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की शहरोशहरीच्या जलतरण तलावांवर बालचमूची झुंबड उडते. सकाळची तुकडी संपते, मुले एकामागून एक पाण्याबाहेर येतात आणि भर वैशाखात त्यांचे ओठ निळसर पडलेले असतात, दात एकमेकांवर वाजत असतात. आईच्या हातातील टॉवेल खांद्यावरून घसरतो, मूल एका हाताने तो सावरते, दुसऱ्या हाताने चप्पल शोधते आणि कपडे बदलण्याच्या खोलीपुढील रांगेत कुडकुडत उभे राहते. पोहण्याची भीती कित्येकदा पाण्यात बसत नाही. ती या दहा मिनिटांत बसते. दुसऱ्या दिवशी मूल तलावावर जायला नाही म्हणते, तेव्हा त्यामागे बुडण्याच्या धास्तीपेक्षा हे कुडकुडणेच अधिक असू शकते.

या दहा मिनिटांसाठी एक साधे वस्त्र पुरते. डोक्यावरून चटकन घालता येईल, हात मोकळे ठेवील, अंगाला चिकटणार नाही आणि पिशवीत घडी होऊन मावेल असा सैलसर सुती झगा. बाजारात अशी वस्त्रे मिळतात. परंतु ज्या घरात विणकामाच्या सुया आहेत, तेथे तो घरीच विणता येतो. त्याला बाह्या जोडाव्या लागत नाहीत, गळ्याला आकार द्यावा लागत नाही, टाके वाढवावे वा कमी करावे लागत नाहीत. दोन आयत विणायचे आणि ते जोडायचे, एवढेच काम. मात्र साधेपणाच्या पोटात काही गोष्टी अशा आहेत, की त्या आधी समजून घेतल्या नाहीत तर श्रम वाया जातात आणि क्वचित मुलाच्या सुरक्षिततेलाही बाधा येते.

थंडी कशामुळे वाजते?

माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पोहून आलेले मूल गारठते. माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता माठातून घेतली जाते. मुलाच्या त्वचेवरील पाण्याचेही तसेच होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता खर्ची पडते आणि तिचा मोठा वाटा अंगातून जातो. वारा असेल तर ही क्रिया वेगाने होते. त्यातच लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते. साहजिकच मूल मोठ्यांपेक्षा लवकर गारठते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. निथळत्या अंगावर सुती झगा चढवला, तर तो झगाही भिजेल आणि स्वतःच माठासारखा वागू लागेल. म्हणून आधी पंचाने किंवा टॉवेलने अंग टिपून घ्यावे, केस पुसावेत आणि मगच झगा घालावा. झग्याचे काम पाणी शोषण्याचे नाही. वारा अडवणे, अंगाभोवती हवेचा थर राखणे आणि मुलाला संकोच न वाटता घरापर्यंत चालत जाता येणे, हे त्याचे काम. वारा जोराचा असेल तर ओला पोशाख लवकरात लवकर बदलावा. कोणताही झगा कोरड्या कपड्यांची जागा घेऊ शकत नाही.

लोकर नको, सूत हवे

महाराष्ट्रात विणकाम म्हटले की डोळ्यांपुढे हिवाळा येतो. बाळाचे टोपरे, पायमोजे, स्वेटर आणि लोकरीचे गुंडे. सुयांवर सूत विणण्याची कल्पना त्यामुळे अनेकींना नवी वाटते. वास्तविक ती फार जुनी आहे. दोन सुयांच्या विणकामाचे जे अतिप्राचीन अवशेष इजिप्तमध्ये सापडले आहेत, त्यांतील पुष्कळसे सुताचेच आहेत. निळ्या-पांढऱ्या सुताचे ते मोजे साधारणपणे ११ व्या ते १४ व्या शतकांच्या दरम्यानचे मानले जातात. उष्ण प्रदेशात विणकाम सुतावर वाढले, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या मुलखाला आपलीशी वाटावी अशीच आहे.

उलट, लोकर पाण्याजवळ आणली की काय होते याचाही धडा इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत पोहण्याचे पोशाखच लोकरीचे विणलेले असत. पाणी पिऊन ते जड होत, खाली ओघळत आणि वाळायला फार वेळ घेत. नायलॉनसारखे कृत्रिम धागे आल्यावर ते मागे पडले. शिवाय तलावातील क्लोरिन लोकरीच्या तंतूला अपाय करतो. बाजारात सहज मिळणारी अॅक्रिलिकची लोकर टिकाऊ आणि स्वस्त असली, तरी ती घाम व ओल फारशी टिपत नाही. उन्हात ती अंगाला उबदार आणि चिकट वाटते.

सुताचा तंतू भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा बळकट होतो. वारंवार धुण्याला तो कंटाळत नाही. त्याचे दोन दोष मात्र आहेत. लोकरीसारखी लवचिकता त्याच्यात नाही, त्यामुळे एकदा ताणले गेलेले विणकाम पुरते पूर्वपदावर येत नाही; आणि भिजल्यावर ते जड होऊन लांबते. या दोन्ही दोषांचा विचार करूनच झग्याचा नमुना ठरवावा लागतो. वीण जाळीदार ठेवली तर धागा कमी लागतो, वजन घटते आणि वाळण्याचा वेळही कमी होतो.

साहित्य

पुढील माप सुमारे ५ ते ६ वर्षांच्या मुलासाठी आहे. तयार झग्याचा घेर ८० से.मी. आणि खांद्यापासून लांबी सुमारे ५० से.मी. होईल.

मध्यम जाडीचा, पीळ घट्ट असलेला सुती धागा साधारण ३५० मीटर. धाग्याच्या जाडीप्रमाणे त्याचे वजन १५० ते २०० ग्रॅम भरते. सर्व लडी किंवा गुंडे एकाच वेळी आणि रंगाच्या एकाच घाण्यातील घ्यावेत. नंतर आणलेल्या गुंड्याचा रंग उजेडात वेगळा दिसतो.

५ मि.मी. जाडीच्या दोन सरळ सुया. जुन्या क्रमांकाच्या सुया वापरणाऱ्यांनी ६ नंबरच्या घ्याव्यात. या पद्धतीत आकडा जितका लहान, तितकी सुई जाड असते, हे नवशिक्यांनी विसरू नये. स्वेटरच्या किनारीसाठी वापरली जाणारी १० किंवा ११ नंबरची सुई येथे उपयोगी नाही. तिच्यावर वीण घट्ट आणि झगा ताठ होईल.

याखेरीज मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई, मोजपट्टी, कात्री आणि खुणेसाठी दुसऱ्या रंगाच्या धाग्याचे चार तुकडे.

आधी नमुन्याचा चौकोन

विणकामातील बहुतेक निराशा येथे टाळता येतात आणि बहुतेकजणी नेमका हाच भाग गाळतात. २४ टाके घालून ३० ओळी विणाव्यात. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. हा तुकडा सुईवरून काढून धुवावा, सपाट पसरून वाळवावा आणि मगच मध्यभागी मोजावा. १० से.मी. रुंदीत १६ टाके आणि १० से.मी. उंचीत २२ ओळी बसल्या, तर माप जुळले.

टाके १८ भरले, तर हात घट्ट आहे. एक आकार जाड सुई घ्यावी. १४ च भरले, तर बारीक सुई घ्यावी. दोन टाक्यांच्या फरकाने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १० से.मी.मध्ये १८ टाके येत असताना ६४ टाक्यांचा झगा विणला, तर त्याचा घेर ८० ऐवजी ७१ से.मी. होतो. ओल्या अंगावरून खाली ओढताना हेच ९ से.मी. आडवे येतात. धुतल्यावर सूत किती आक्रसते किंवा सैलावते, हेही याच चौकोनावरून कळते.

कृती

पाठ आणि पुढचा भाग अगदी सारखेच आहेत. त्यामुळे पुढील कृती दोनदा करावी.

सुईवर ६४ टाके सैल हाताने घालावेत. पहिल्या ८ ओळी दोन्ही बाजूंनी सुलटच विणाव्यात. यामुळे खालची किनार सपाट राहते. केवळ सुलट-उलट विणलेली कडा नेहमी गुंडाळली जाते. सुलट ओळींची किनार ती गुंडाळू देत नाही.

आता जाळीचा नमुना सुरू होतो. तो ४ ओळींचा आहे.

पहिली ओळ : सर्व टाके सुलट.

दुसरी ओळ : ४ टाके सुलट, ५६ टाके उलट, शेवटचे ४ टाके सुलट.

तिसरी ओळ : ४ टाके सुलट, मग धागा पुढे आणून पुढील २ टाक्यांचा १ टाका सुलट विणावा. ‘धागा पुढे, दोहोंचा एक’ हा क्रम एकंदर २८ वेळा करावा. शेवटचे ४ टाके सुलट.

चौथी ओळ : दुसऱ्या ओळीप्रमाणे. धागा पुढे घेतल्याने सुईवर जो आडवा फासा पडला आहे, तोही एक टाका मानून उलट विणावा.

तिसऱ्या ओळीत दर वेळी एक टाका कमी होतो आणि धाग्याच्या फाशाने एक वाढतो. त्यामुळे टाक्यांची संख्या कायम ६४ राहते आणि त्या जागी एक लहानसे छिद्र पडते. चौथी ओळ संपली की टाके मोजावेत. ६३ भरले, तर कोठेतरी धागा पुढे घ्यायचा राहिला आहे. ६५ भरले, तर दोहोंचा एक करायचा राहिला आहे. चूक त्याच ओळीत सापडली तर उसवणे दोन मिनिटांचे असते. दहा ओळींनंतर सापडली तर संध्याकाळ जाते. नवशिक्यांनी दर आठ-दहा ओळींनंतर सर्व टाक्यांतून दुसऱ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवावा. पुढे उसवण्याची पाळी आली, तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

या ४ ओळी २४ वेळा विणाव्यात, म्हणजे ९६ ओळी होतील. त्यानंतर वरच्या किनारीसाठी ६ ओळी दोन्ही बाजूंनी सुलट विणून सर्व टाके सैल बंद करावेत. हात घट्ट असेल तर टाके बंद करताना एक आकार जाड सुई वापरावी. गळ्याची कडा हीच असल्याने येथे घट्टपणा चालत नाही. एकूण ११० ओळी झाल्या, की सुमारे ५० से.मी. लांबी भरते.

नवा गुंडा जोडताना तो ओळीच्या सुरुवातीलाच जोडावा. जाळीच्या मध्ये मारलेली गाठ दिसते आणि टोचतेही.

जोडणी

दोन्ही भाग पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून मापात वाळवावेत. ते सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांडावेत आणि वरच्या कडेवर दोन्ही टोकांपासून १४ टाके मोजून खुणेचे धागे बांधावेत. हे १४ टाके म्हणजे खांदा. मधले ३६ टाके म्हणजे गळा. दोन्ही खांदे त्याच धाग्याने शिवावेत.

शेवटची गाठ मारण्यापूर्वी झगा मुलाच्या डोक्यातून घालून पाहावा. ३६ टाक्यांची कडा २२.५ से.मी. भरते, म्हणजे गळ्याचा घेर ४५ से.मी. या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५१ से.मी. असतो. सैल बंद केलेली कडा एवढी ताणली जाते. परंतु केस ओले आणि मूल अधीर असताना ती कान खेचता कामा नये. गळा अडत असेल, तर प्रत्येक खांद्याचे आतल्या बाजूचे दोन टाके उसवावेत. तेवढ्याने घेर ५ से.मी. वाढतो.

नंतर बाजू शिवाव्यात. खांद्यापासून १६ से.मी. हातासाठी उघडे ठेवावेत. तळापासून ८ से.मी. काप ठेवावा, म्हणजे मुलाला धावता येते आणि पायऱ्या चढता येतात. मधले २६ से.मी. शिवावेत. दोन्ही बाजूंना सुलट टाक्यांची पट्टी असल्याने कडेला कडा लावून शिवण सपाट बसते. धाग्यांची टोके आतल्या बाजूने पाच-सहा से.मी. ओवून कापावीत.

लहान-मोठी मापे

मुलाच्या छातीच्या मापात सुमारे २० से.मी. मिळवावेत, त्याचे निम्मे करावे आणि आलेल्या आकड्याला १.६ ने गुणावे; तेवढे टाके एका भागासाठी लागतात. संख्या सम असावी. ३ ते ४ वर्षांच्या मुलासाठी ५६ टाके घालून जाळीच्या ४ ओळी २० वेळा विणाव्यात. खांद्याला ११ आणि गळ्याला ३४ टाके ठेवावेत. ८ वर्षांच्या मुलासाठी ७० टाके आणि २८ वेळा जाळी. खांद्याला १६ आणि गळ्याला ३८ टाके. गळ्याच्या आकड्यात फरक थोडा आहे, कारण तीन ते आठ वर्षांच्या काळात मुलाची उंची झपाट्याने वाढते, डोके मात्र फारसे वाढत नाही.

दोरी, गोंडा, टोपी नको

असे वस्त्र विणताना हौसेने गळ्याला नाडी ओवावी, टोकांना गोंडे लावावेत, मागे टोपी जोडावी असा मोह होतो. तो आवरावा. घसरगुंडीच्या फटीत, झोक्याच्या साखळीत, बसच्या दारात गळ्याची नाडी अडकून मुलांना फास बसल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या कपड्यांतील अशा नाड्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. युरोपात २००४ मध्ये याविषयीचे स्वतंत्र मानक आले आणि सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्यापाशी वा टोपीला नाडी असू नये, असे त्यात ठरवण्यात आले. तलावाभोवती शिड्या, कठडे आणि नळांच्या तोट्या असतात. तेथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी. तोंडात जाण्याजोगी बटणे आणि मणीही लहान मुलांच्या झग्याला लावू नयेत. जाळीची छिद्रे मोठी दिसावीत म्हणून आणखी जाड सुई घेऊ नये. लहान बोटे त्यांत अडकतात.

हा झगा घालून मुलाला पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. भिजलेले सूत जड होऊन खाली ओढते आणि हातापायांत गुंतते. ‘पाण्यात जाताना झगा काढायचा’ हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. उथळ पाण्यातही आणि समुद्रकिनाऱ्यावर केवळ पाय भिजवतानाही.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. अंगावर वस्त्र आहे म्हणजे उन्हापासून संरक्षण झाले, असे नाही. जाळीदार विणीतून सूर्याचे अतिनील किरण सहज आत येतात आणि सुती कापड ओले झाले की त्यातून ते कोरड्यापेक्षा अधिक प्रमाणात जातात. किनाऱ्यावर भर दुपारी सावली, टोपी आणि दाट विणीचे कोरडे कपडे यांना पर्याय नाही. झगा तलावापासून घरापर्यंतच्या वाटेसाठी आहे. दिवसभर उन्हात खेळण्यासाठी नव्हे.

निगा

तलावावरून आल्यावर झगा त्याच दिवशी साध्या पाण्यात खळबळून काढावा. क्लोरिनमुळे रंग फिके पडतात. समुद्राच्या पाण्यातील क्षार धाग्यात राहिले, तर ते हवेतील दमटपणा ओढून घेतात आणि वस्त्र वाळले तरी ओलसर लागते. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा. दोरीवर टांगला तर भिजलेल्या सुताच्या वजनाने तो दोन-चार धुण्यांत गुडघ्याखाली येतो. म्हणून खाटेवर किंवा चादरीवर सपाट पसरून सावलीत वाळवावा. गडद रंगाचा धागा वापरायचा असेल, तर पांढऱ्या ओल्या कापडावर तो घासून आधी पाहावा. अन्यथा झग्याचा रंग पोशाखावर उतरतो.

दोन्ही भागांचे मिळून १४ हजार ८० टाके होतात. सरावलेल्या नसलेल्या हाताने मिनिटाला २० टाके पडतात असे धरले, तरी विणण्याचे काम सुमारे १२ तासांचे आहे. तलावाच्या कठड्यापलीकडे मुलाची वाट पाहत बसणाऱ्या आईला, आजीला किंवा बाबालाही रोज तासभर मोकळा असतोच. पहिल्या आठवड्यात सुरू केलेला झगा दुसरा आठवडा सरता सरता मुलाच्या अंगावर येऊ शकतो. तोवर मूल पाण्यात हातपाय मारू लागलेले असते. बाहेर आल्यावर आपल्यासाठी काहीतरी कोरडे, मऊ आणि घरचे वाट पाहत आहे हे त्याला ठाऊक असले, की पुन्हा पाण्यात उतरायला त्याला फारसे समजवावे लागत नाही.